पाकिटात पैसे मावतील, पण तो पोऱ्या?

*मावशी, मी मूळची लातूरकडची. २०१३ ते २०१६ पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करत होते. घरून महिन्याला जेमतेम पैसे यायचे, ते कॉट, मेस आणि अभ्यासिकेत संपायचे. तेव्हा पेठेतल्या एका दुकानातून मी चार पुस्तकं ओढणीखाली धरून नेली. दोन अभ्यासाची, दोन कवितांची. मैत्रिणी म्हणायच्या, पुस्तकाची चोरी ही चोरी नसते. दुकानातले काका तासन्‌तास उभं राहून वाचू द्यायचे. एक पोऱ्या होता, तो पुढे दिसेनासा झाला. आता मी बँकेत आहे. परवा तिकडे गेले तर ‘बॅगा काउंटरवर ठेवाव्यात’ अशी पाटी! तेव्हापासून झोप नाही. नवरा म्हणतो, गावच्या वाचनालयाला पाच हजारांची पुस्तकं दे आणि विषय मिटव. की निनावी पाकीट पाठवू? – र., नाशिक*

प्रिय र.,

कवितांची दोन होती हे लपवलं नाहीस, बरं केलंस. अभ्यासाच्या पुस्तकांना गरिबीचं कारण देता येतं. कवितांची मात्र हवीशी वाटली म्हणून नेलीस.

तुझ्या मैत्रिणींचं वाक्य आमच्या वेळीही होतं. पण जुन्या पोथ्या उतरवणारे लोक शेवटी काय विनवायचे, माहीत आहे? पाणी, आग, चोर आणि उंदीर यांच्यापासून ही जपा, फार कष्टाने लिहिली आहे. चोराला त्यांनी थेट उंदराच्या पंगतीला बसवलंय!

आता पैशांचं बोलू. अशा वेळी आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी गब्बर प्रकाशक असतो, त्याचं काय जातंय, असं वाटतं. त्याचं खरंच काही जात नाही. फुटपाथवरची चोरटी छपाई घेतली असतीस तर लेखक-प्रकाशकाचं बुडालं असतं. दुकानातून उचललेल्या प्रतीचे पैसे दुकानदाराने आधीच भरलेले असतात, नाहीतर हिशेबाच्या वेळी भरावे लागतात. बुडतो तो एकटा, तुला उभं राहून वाचू देणारा. पुस्तक ३०० रुपयांचं आणि कमिशन ३० टक्के धर. त्याला ते २१० ला पडलं, विकलं तर ९० सुटणार. पेठेत १० टक्के सूट मागितल्याशिवाय कोण बिल करतं? ती दिली की उरले ६०. म्हणजे तू नेलेल्या एका प्रतीचे २१० भरून यायला तसल्याच साडेतीन प्रती खपायला हव्यात, तेही भाडं, वीज, पगार काहीच न धरता. ते धरून किती होतात, तूच काढ, बँकवाली आहेस. अशी दुकानं आधीच कमी उरलीत. मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ पासून चालू होतं, तेही २०१८ मध्ये मिटलं.

पण मला खरी टोचली ती तुझी मधली ओळ. ‘एक पोऱ्या होता, तो पुढे दिसेनासा झाला.’ एवढं लिहून तू थेट बँकेत पोचलीस!

माझ्या मामांचं तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान होतं. सुट्टीत मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसायचे. मार्चअखेरीला स्टॉक मोजायचे. दुकानात कामाला असलेला मुलगा शिडीवर चढून नावं वाचायचा, खाली मामा वहीत टिकमार्क करायचे. एखाद्या नावापाशी मामांचं पेन थांबायचं. मग ते चष्म्यावरून वर बघायचे, कपाटाकडे नव्हे, त्या मुलाकडे. वर्षभरात शेकडो गिऱ्हाइकं येऊन गेलेली असायची, पण त्यातला एकही चेहरा त्यांना आठवायचा नाही. समोर असायचा तो फक्त हा. एका वर्षी त्याच्या पगारातून पैसे कापले. पुढे ते त्याला परत मिळाले का, आठवत नाही. मामा दुष्ट नव्हते गं.

तुझा पोऱ्या कदाचित दुसरीकडे चांगला पगार मिळाला म्हणून गेला असेल. किंवा नसेल. तुला ते माहीत नाही, आणि मला वाटतं झोप त्यामुळेच उडालीय. पाटी हे निमित्त.

म्हणून पाकीट नको. पाकिटाने गल्ला भरेल, पण निनावी चिठ्ठी त्या पोऱ्यानेच लिहून घेतली, असंही कुणाच्या मनात येऊ शकतं. नवऱ्याचा तोडगाही नको. वाचनालयाला जरूर दे, पण वाण्याची उधारी देवळाच्या पेटीत टाकून फिटते का?

स्वतः जा. चारही पुस्तकांची नावं आणि साधारण साल एका कागदावर लिहून ने. पैसे आजच्या छापील किमतीने दे, कारण कपाटातली ती जागा आज भरायची तर आजच्याच भावाने भरावी लागेल. पोलिसांची धास्ती काढून टाक, इतक्या जुन्या चार पुस्तकांसाठी कुणी दारात येत नाही. आणि जुन्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहितासुद्धा ५ हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीला, माल किंवा किंमत परत केली तर, समाजसेवेची शिक्षा सांगते. तिथेही आधी किंमत परत करावीच लागते.

काउंटरवर रडू नकोस. तू रडलीस की काकांना तुझी समजूत काढत बसावं लागेल. आणि तुझी गरिबीची कहाणी त्यांनी विचारली तरच सांग. ते हसून ‘जाऊ दे गं पोरी’ म्हणाले तर पैसे काउंटरवर ठेव, परत उचलू नकोस. चिडले तर ऐकून घे. काका नसतील, त्यांचा मुलगा बसत असेल, तर त्याला सांग.

मग त्या पोऱ्याचं नाव विचार. तो का गेला, तेही विचार. संशयावरून काढलं होतं असं निघालं तर काकांकडून त्याचा पत्ता घे आणि मला पुन्हा लिही. त्याचं काय करायचं ते मग बघू, ते चार पुस्तकांच्या किमतीत बसणारं नाही.

आणि जूनमध्ये जाऊ नकोस. शाळा-कॉलेजच्या गर्दीत काकांना मान वर करायलाही फुरसत नसते.

– मावशी