आधी पुस्तक वाचलंस का?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. काळजी का, ते तुला ठाऊक आहे. शाळेच्या वाचनालयात नोकरीला लागून पुरतं वर्ष झालं नाही, तोच तिथल्या एका पुस्तकाबद्दल पालकाची तक्रार, मुख्याध्यापकांचं 'सध्या आत ठेवा, मग बघू', आणि मध्ये तू. राजीनामा द्यावा, सगळीकडे बोंब मारावी की गप्प बसावं, असं विचारतोस. आता रागाचं सांगते. साडेचार पानं लिहिलीस. त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य तीनदा आलं, हुकूमशाही एकदा आली, त्या पालकाचा पेशासुद्धा आला. पुस्तक ११२ पानांचं आहे हेही आलं. पण ते तू वाचलंस असं एकाही ओळीत नाही.

मी मुद्दाम शोधलं. 'चाळलं' असा शब्द सापडला. चाळतात ते पीठ.

तक्रार करणाऱ्यानं एका पानाचा फोटो आणला. मुख्याध्यापकांनी तो फोटो पाहिला. तू चाळलंस. म्हणजे तुम्ही तिघं मिळून पुस्तकाचा निकाल लावायला बसलात, आणि ते पूर्ण वाचलेली एकच व्यक्ती आहे. ती सहावीत आहे आणि तिला कुणी काही विचारलेलं नाही.

पूर्ण वाचल्याशिवाय पुस्तक जागचं हलवायचं नाही. आत नाही, बाहेर नाही, वरच्या फळीवरसुद्धा नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तू कंटाळलास तरी, कारण मला ते शिकायला फार महाग पडलं.

तू तेव्हा आठवीत असशील. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून नकाशांची पुस्तकं उलटीपालटी करायचास आणि घंटा झाली तरी उठायचा नाहीस. त्याच वर्षी एक पालक झेरॉक्स घेऊन मुख्याध्यापकांकडे आले. मुलांसाठीच लिहिलेली एक छोटी कादंबरी, तिचं सत्तेचाळिसावं पान. बाप दारू पिऊन येतो, आईला मारतो, शिवी देतो. शिवी पूर्ण छापलेली. "हे शिकवता का मुलांना?" मुख्याध्यापक भला माणूस होता. मला बोलावून म्हणाले, "बाई, वाद नको." मी म्हटलं, "बरं." एवढाच संवाद. पुस्तक फळीवरून काढलं, टेबलामागच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या हजेरीपटांखाली ठेवलं आणि कुलूप घातलं. कुठे नोंद नाही, कागद नाही, कुणाची सही नाही. दाखल नोंदवहीत पुस्तक आहे, फळीवर नाही. कुणी मागितलं तर 'बाहेर गेलंय' म्हणायचं. मी दोनदा म्हटलं.

निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामं करताना ते हाताला लागलं. चार्ज द्यायचा होता, नव्या बाई यादी घेऊन दारात उभ्या होत्या, आणि मी तिथेच स्टुलावर बसून ते वाचून काढलं. पाऊण तास लागला. अरे, पाऊण तास! सत्तेचाळिसाव्या पानावर मार आहे. एक्कावन्नाव्या पानावर ती मुलगी शाळेतल्या बाईंना सांगते. पुढचं सगळं पुस्तक सांगितल्यानंतर काय होतं त्याचं आहे. कोण विश्वास ठेवतं, कोण ठेवत नाही, आईच उलटी का चिडते. घरात असं काही होत असेल तर कुणाकडे जायचं, हे मुलाला कळेल असं आमच्या अख्ख्या वाचनालयात तेवढं एकच पुस्तक होतं, आणि ते मी हजेरीपटांखाली दाबून ठेवलं होतं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी. शेवटचे तीन शिक्के पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं. कार्डावर तिन्ही वेळा एकच नाव, सातवीतल्या एका मुलीचं. तिनं दोनदा मुदत वाढवून घेतली होती.

तिच्या घरी काही होतं का, मला माहीत नाही. कदाचित ती नुसतीच सावकाश वाचणारी असेल. मी त्यातून गोष्ट रचणार नाही. पण ज्या दोघांना 'बाहेर गेलंय' म्हटलं त्यात ती होती का, हे आठवायचा प्रयत्न मी अजून करते. आठवत नाही.

तू म्हणशील, बाई, तुम्ही तरी काय करणार होतात? बरोबर आहे. नऊशे मुलं, मी एकटी, वर परीक्षांचं पर्यवेक्षण, कुणी रजेवर गेलं की तो तास माझ्या गळ्यात, आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मला वेळ नव्हता हे खोटं नाही. पाऊण तास नव्हता, हे खोटं आहे.

छाटणी करणाऱ्यांनीसुद्धा निदान वाचलेलं असतं. पुस्तकातला 'नको तो' भाग कापण्याला इंग्रजीत 'बाउडलराइझ' असं जे क्रियापद आहे ते बाउडलर या आडनावावरून पडलं. १८०७ साली शेक्सपिअरची २० नाटकं घरात सर्वांसमोर वाचता येतील अशी सोवळी करून छापली गेली. १८१८ च्या मोठ्या आवृत्तीवर थॉमस बाउडलरचं नाव आलं, पण पहिली कात्री त्याच्या बहिणीची, हेन्रिएटाची. तिचं नाव कुठेच नव्हतं. काय कापायचं हे ठरवायला ते आधी कळावं लागतं, आणि आपल्याला ते कळलं हे अविवाहित बाईनं चारचौघांत कबूल करणं त्या काळी शोभलं नसतं. मला ती छाटणी मुळीच पटत नाही. पण तिनं ओळ न् ओळ वाचली होती. मी तिच्याही खालची ठरले.

आणि तू ज्या निकालाचा दाखला दिलास, अमेरिकेतल्या पिको खटल्याचा, तोही नीट बघ. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज इथल्या शाळा मंडळाच्या काही सदस्यांना पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेत 'आक्षेपार्ह' पुस्तकांच्या याद्या मिळाल्या, वेचक उताऱ्यांसकट. त्यावरून वाचनालयातली पुस्तकं उचलली गेली. मग पालक आणि शिक्षकांची समिती नेमली. समितीनं वाचून काही ठेवा, काही काढा असं सांगितलं, तर मंडळानं बहुतेक ऐकलंच नाही. स्टीव्हन पिको हा विद्यार्थी इतर मुलांबरोबर कोर्टात गेला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला. नुसते त्यातले विचार आवडले नाहीत म्हणून शाळेनं वाचनालयातून पुस्तक काढू नये, हा मुख्य मताचा गाभा. तू तेवढंच लिहिलंस. पण पुस्तक शिक्षणाच्या दृष्टीनं अयोग्य असेल तर काढता येईल, हेही त्याच मतात आहे, आणि ते वाचल्याशिवाय कसं ठरणार? माझ्या तर त्यातली उताऱ्यांची यादीच डोक्यात बसली आहे. आमच्याकडची झेरॉक्स काय, तुमच्याकडचा फोटो काय.

गुपचूप केलेलं किती काळ खपतं, तेही सांगते. पुस्तकं जाळणाऱ्या जगावर रे ब्रॅडबरीनं 'फॅरनहाइट ४५१' लिहिली. १९६७ मध्ये तिची शाळांसाठी वेगळी आवृत्ती निघाली, आणि तिच्यात प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांनी ७५ जागी परस्पर फेरफार केले. लेखकाला पत्ता नाही. पुढे काही वर्षं तर तीच कापलेली प्रत सगळ्यांना विकली जात होती. मूळ मजकूर परत यायला १९७९ उजाडलं, आणि लेखकाला हे कळवणाऱ्यांत विद्यार्थी होते. बघ, पुन्हा मुलंच. वाचणारी तीच असतात ना.

आता वयाचं. 'वयानुरूप हा शब्दच ढोंगी आहे' असं लिहिलंस. नाही रे. हे वाक्य टाळ्यांसाठी ठीक आहे, वाचनालयाच्या टेबलामागे बसून ते चालत नाही. युद्धावरचं एक छायाचित्रांचं पुस्तक मी स्वतः लहान मुलांच्या फळीवरून काढलं आहे. कुणाची तक्रार नव्हती. शेवटच्या पानापर्यंत बघितलं, मजकूर वाचला, रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, 'आठवीपासून पुढे', खाली कारण, सही, तारीख. फळीवर त्या जागी चिठ्ठी लावली की पुस्तक मोठ्यांच्या विभागात आहे. सहावीतल्या एका मुलीनं चिठ्ठी वाचून मागितलंच. तिला टेबलाशी शेजारी बसवून दाखवलं. चौथ्या चित्राला ती म्हणाली, "बाई, पुरे." मिटलं. याला मी पुस्तक लपवणं म्हणत नाही. ते कुठे आहे हे तिला माहीत होतं, का हलवलं हेही माहीत होतं. तुझे मुख्याध्यापक 'आत' म्हणतात तेव्हा त्यांना कपाट म्हणायचं असतं.

मुलं स्वतःही गाळतात, आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. चौथीतल्या एका मुलानं हट्टानं भुताच्या गोष्टींचा जाडा संग्रह नेला. मी दिला. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तो दारात. पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं, मुखपृष्ठ खाली, आणि म्हणाला, "हे नंतर." दोन वर्षांनी येऊन परत नेलं. वय पुठ्ठ्यावर छापून हे साधत नाही. ब्रिटनमधल्या प्रकाशकांनी २००८ मध्ये मुलांच्या पुस्तकांवर ५+, ७+, ९+ असे आकडे छापायचं ठरवलं तेव्हा तिथले लेखकच विरोधात उभे राहिले. माझं म्हणणं साधं आहे. अकरा वर्षांचा मुलगा अडखळत वाचत असेल तर ७+ लिहिलेलं पुस्तक तो वर्गासमोर हातात धरणार नाही. संपलं त्याचं वाचन.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं सतरावं कलम काढून बघ. मुलाला हानिकारक मजकुरापासून जपण्यासाठी तत्त्वं आखा म्हणतं, आणि तिथेच तेराव्या कलमाचं भान ठेवा म्हणतं. तेरावं म्हणजे माहिती शोधण्याचा, मिळवण्याचा मुलाचा हक्क. दोन्ही एकाच ओळीत. लिहिणाऱ्यांचीही तुझ्यासारखीच ओढाताण झालेली दिसते.

त्या बापाला शत्रू करू नकोस. त्याचा पेशा काय म्हणून लिहिलास पत्रात? मुलीनं घरी काहीतरी विचारलं असणार आणि त्याला उत्तर सुचलं नसणार. घाबरलेला माणूस आहे तो. त्याला खुर्ची दे, पुस्तक दे, म्हण की पूर्ण वाचून या, मीही वाचतो, मग बोलू. माझ्या मुलीला हे देऊ नका म्हणाला, तर तिच्यापुरतं ऐक. मला मनातून पटत नाही, तरी ऐक. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांचं मात्र तो ठरवणार नाही. तक्रार लेखी घे. पूर्ण वाचलं का, कुठल्या पानावर हरकत आहे, काय व्हावं असं वाटतं, एवढं त्याच्या हातानं लिहून घे. निर्णय होईपर्यंत पुस्तक फळीवर राहील. मुख्याध्यापक पुन्हा 'आत ठेवा' म्हणाले तर आवाज न चढवता म्हण, "लेखी द्या सर." निम्म्या वेळा विषय तिथेच मिटतो. लेखी द्यायला कुणालाच आवडत नाही. मला कुणी मागितलं असतं तर मीही दिलं नसतं.

वाचून झाल्यावर तुला वाटलं की त्या बापाचंच बरोबर आहे, तर? तर तसं लिही आणि खाली सही कर. साडेचार पानं त्याच्याविरुद्ध लिहून बसला आहेस, तेव्हा जड जाईल. जाऊ दे.

राजीनामा देऊ नकोस. तुझ्या जागी येणारा 'बरं' म्हणेल. 'बरं' म्हणणं किती सोपं असतं ते मला विचार.

११२ पानं आहेत. रविवारी सकाळी बस. संध्याकाळी फोन कर, त्याआधी करू नकोस, मी उचलणार नाही.

तुझ्या,
वाचनालयाच्या बाई

ता. क. ते पुस्तक परत फळीवर गेलं का, असं विचारशीलच. नाही गेलं. इतकी वर्षं कुठे होतं, हे त्या नव्या बाईंना सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं झालं नाही. चार्जच्या यादीत 'गहाळ' लिहिलं, भरपाई भरली, पुस्तक पिशवीत घालून घरी आणलं. म्हणजे तेच काम मी दुसऱ्यांदा केलं, आणि या वेळी तर वाचून केलं. तारखांची चिठ्ठी अजून आत आहे. तुझ्याकडे पाठवते. मुलीचं नाव असलेलं कार्ड काढून घेतलं आहे, ते माझ्याजवळ राहू दे. तुझ्या नोंदवहीत नव्या क्रमांकानं चढव. फळीवर लावायच्या आधी वाचून घे. पाऊण तास लागतो.