हंगामी वसतिगृहासाठी निधी मागताना

सप्रेम नमस्कार,

तुझ्या प्रस्तावाचा मसुदा मी दोनदा वाचला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवावे आणि त्यासाठी कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून साहाय्य मागावे, हा तुमच्या संस्थेचा विचार मला मनापासून पटतो. मसुद्याची पहिली दोन पाने मात्र काढून टाक. शिक्षणाचे महत्त्व आणि स्थलांतराचे दुष्परिणाम यांवरचा तो मजकूर कोणत्याही जिल्ह्यातील कोणत्याही संस्थेच्या अर्जात जसाच्या तसा बसेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम टोळी घेऊन निघतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असल्याने दोघांपैकी एकाला मागे राहता येत नाही, आणि घरी सांभाळणारी आजी नसेल तर तिसरीतले पोरही ट्रॉलीत बसून कारखान्यावर जाते. हे सारे तू मला फोनवर सांगितले होतेस. कागदावर त्यातले एक वाक्यही उतरलेले नाही.

त्याला पुराव्याची जोड हवी आणि तो तुमच्या शाळेतच आहे. मुख्याध्यापकांना विनंती करून एकाच वर्गाच्या सप्टेंबरच्या आणि डिसेंबरच्या हजेरीपटाच्या नकला घे आणि शेजारी शेजारी जोड. मुलांची नावे झाकायला विसरू नकोस. शिवाय टोळ्या निघण्यापूर्वी गावात घरोघर फिरून, गेल्या हंगामात किती मुले गेली, किती मागे राहिली आणि मागे राहिलेली कोणाजवळ राहिली, याची नोंद करा. निधी देणाऱ्या अधिकाऱ्याने तुमचे गाव पाहिलेले नसते. त्याला ते या आकड्यांतूनच दिसणार आहे.

आता अंदाजपत्रक. अर्ज बहुधा इथेच अडतो, आणि तुझाही इथेच अडेल अशी मला काळजी वाटते. ‘भोजन खर्च 5 लाख’ ही एक ओळ पुरेशी नाही. 40 मुले, 150 दिवस आणि प्रत्येक मुलामागे दररोज 80 रुपये धरले तर 4 लाख 80 हजार होतात, असा हिशेब उलगडून दाखवला की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि उद्या मुले 55 झाली तर किती वाढीव रक्कम लागेल हेही आपोआप कळते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पान चारवर तू लिहिले आहेस की मुलींसाठी रात्री एक महिला काळजीवाहक मुक्कामाला असतील. पण त्यांचे मानधन अंदाजपत्रकात कुठेच नाही. वर्णनात असलेली प्रत्येक व्यक्ती आणि वस्तू अंदाजपत्रकात सापडली पाहिजे, आणि अंदाजपत्रकातल्या प्रत्येक ओळीचे कारण वर्णनात. हिशेबनीसाचा पगार आणि लेखापरीक्षणाचे शुल्कही संकोच न करता स्वतंत्र ओळीत दाखव. लहान संस्था हा खर्च लपवतात आणि मग तो कार्यकर्त्यांच्या खिशातून जातो. हे मला अजिबात मान्य नाही.

वेळेचे गणितही नीट मांडायला हवे. कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 लागू असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम दरवर्षी सीएसआरवर खर्च करायची असते, आणि त्यांचे आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. त्यामुळे जानेवारीनंतर निधी देण्याची घाई सुरू होते. तुमची मुले तर ऑक्टोबरपासून वसतिगृहात यायला हवीत. पहिला हप्ता फेब्रुवारीत मिळाला तर हंगाम हातचा गेलेला असेल. म्हणून एप्रिल-मे मध्येच अर्ज कर, पहिला हप्ता सप्टेंबरअखेर का हवा ते स्पष्ट लिही, आणि काम बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मांड. सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत असा प्रकल्प चालवण्यास नियमांत वाव आहे.

प्राप्तिकर खात्याकडील 12ए (संस्थेला करसवलत) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तसेच सीएसआर निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थांना 1 एप्रिल 2021 पासून आवश्यक झालेली सीएसआर-1 नोंदणी, तुमच्याकडे आहेच. किमान तीन वर्षे अशाच स्वरूपाचे काम केल्याची अटही तुम्ही पूर्ण करता. तरीही विश्वस्तांच्या नावांची धर्मादाय कार्यालयातील परिशिष्टाशी, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीशी, एकदा पडताळणी कर. आमच्या संस्थेचा एक चांगला अर्ज केवळ यामुळे परत आला होता: एका दिवंगत विश्वस्तांचे नाव परिशिष्टावर तसेच राहिले होते, कारण विश्वस्तांतील बदल कळवण्यासाठी 90 दिवसांत द्यायचा बदल अर्ज आम्ही दिलाच नव्हता. चूक सर्वस्वी आमची होती, आणि त्या वर्षीचे काम त्यामुळे बुडाले, याचे मला आजही वाईट वाटते.

हजेरीपटाच्या नकला मिळाल्या की अंदाजपत्रकाचा तक्ता घेऊन ये. काळजीवाहक ताईंनाही सोबत आण. त्यांच्या मानधनाचा आकडा त्यांना विचारूनच लिहू.

सस्नेह,
तुझा हितचिंतक