वाचकांचे प्रश्न : अँप्लिफायर घेण्याआधी वायर बघा

प्रश्न : ताई, मला हौशी रेडिओचा जनरल ग्रेडचा परवाना मिळाला आहे. ऐरोलीत सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. सेट 100 वॅटचा, पॉवर सप्लाय 13.8 व्होल्ट, 30 अँपियरचा. एसएसबीवर (आवाज पाठवायची एक पद्धत) आवाज चढला की सेट बंद पडतो आणि आपोआप परत सुरू होतो. दुकानदार सप्लाय बदला म्हणतो. शिवाय 40 मीटर बँडवर (7 मेगाहर्ट्झच्या आसपास) कोलकात्याच्या मंडळींना मी अगदी क्षीण ऐकू येतो, म्हणून 400 वॅटचा अँप्लिफायर घ्यावा असं मनात आहे. सेटचा आणि गच्चीचा फोटो जोडला आहे. — एक वाचक, ऐरोली

उत्तर : फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. सप्लाय खिडकीखाली, सेट समोरच्या भिंतीला, आणि मधे चार मीटर लाल-काळी वायर, तीही घराच्या वायरिंगमधली दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची). सप्लाय बदलू नका. तो चांगला आहे.

हिशेब करून बघा. पूर्ण 100 वॅटवर सेट साधारण 22 अँपियर ओढतो. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे 11.5 मिलिओहम. जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे 92 मिलिओहम. त्यातून 22 अँपियर गेले की दोन व्होल्ट वायरीतच संपतात. सेटच्या पाठीमागे उरले 11.8. बहुतेक सेट 13.8 च्या 15 टक्के खाली, म्हणजे 11.7 पर्यंतच तग धरतात. फ्यूज होल्डर जरा सैल असला की तेवढेही उरत नाहीत. एसएसबीत वीज आवाजाबरोबर वरखाली होते, म्हणून हळू बोलताना सगळं ठीक आणि जोर लावला की सेट बंद.

सप्लाय सेटच्या शेजारी आणा आणि सहा एमएमची वायर टाका. दीड मीटर अंतर ठेवलंत तर घट जेमतेम 0.2 व्होल्ट होईल. दोन्ही वायरींना फ्यूज हवेत, तेही सप्लायच्या टोकाला. पुढेमागे बॅटरी जोडलीत तर हे विसरून चालणारच नाही. बॅटरीची वायर शॉर्ट झाली तर शेकडो अँपियर वाहतात आणि घर पेटू शकतं. काम झालं की डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर जिरवणारा रोध) लावून एफएमवर पूर्ण पॉवर द्या, कारण त्यात ती आवाजाबरोबर वरखाली होत नाही, आणि मल्टिमीटर सप्लायवर नव्हे, सेटच्या प्लगवर धरा. मी टेलिफोन खात्यात होते तेव्हापासूनची माझी सवय आहे : व्होल्टेज जिथे वापरलं जातं तिथे मोजायचं.

आता अँप्लिफायर. 100 चे 400 वॅट म्हणजे सहा डेसिबल, समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक एस-युनिट, म्हणजे एकच घर. तुमचा अँटेना मात्र गच्चीच्या कठड्याला टेकवून बांधलेली वायर आहे, खाली सगळा सळयांचा स्लॅब. एवढ्या खालून जाणारी बरीचशी शक्ती गच्चीच तापवते. टाकीवर जीआय पाइप उभा करून इन्व्हर्टेड व्ही टांगा, म्हणजे मधोमध केबल जोडलेला, दोन सारख्या वायरींचा डायपोल, मधे उंच आणि दोन्ही पाय खाली उतरणारा. 143 ला मेगाहर्ट्झने भागलं की लांबी मिळते. 7.1 साठी 20 मीटर, म्हणजे दहा-दहा मीटरचे दोन पाय. मधला कोन 90 अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. वायर मुद्दाम थोडी लांब घ्या आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) बघत दोन्हीकडून सारखीच कापा. फीडर, म्हणजे सेटपासून अँटेनापर्यंतची कोॲक्स केबल, तीही बदला. 30 मीटर आरजी-58 या बारीक केबलमध्ये या बँडवर एक डेसिबलच्या आसपास जातो आणि 28 मेगाहर्ट्झवर दोनहून जास्त. आरजी-213 या जाड केबलमध्ये निम्म्याहून कमी. खाडीकाठची हवा खारट आहे, कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, नाहीतर दोन पावसाळ्यांत कोॲक्सची जाळी हिरवी पडते.

डायपोलच्या टोकांना सगळ्यांत जास्त व्होल्टेज असतं, 400 वॅटवर हजार व्होल्टच्या घरात. गच्चीवर वाळवणं घालायला माणसं येतात, संक्रांतीला मुलं पतंग उडवतात. टोकं कुणाचाही हात पोचणार नाही अशीच बांधा, आणि खांब पडलाच तर कुठल्याही विजेच्या तारेपर्यंत पोचू नये.

एवढं झाल्यावरही अँप्लिफायर हवासा वाटला तर जरूर घ्या, परवान्यातली मर्यादा पाळून. त्याला बोर्डापासून स्वतंत्र 16 अँपियरचा पॉइंट लागेल. पण माझं स्पष्ट मत आहे की तुम्हाला तो लागणार नाही.

प्रश्न : ताई, मी खारघरला सातव्या मजल्यावर राहते. खिडकीतून एकच लांब वायर सोडली आहे. ट्रान्समिट करताना माइकला ओठ लागला की चटका बसतो. खालपर्यंत अर्थिंगची वायर सोडू का? — एक विद्यार्थिनी, खारघर

उत्तर : नको ग. 20 मीटर बँडचा पाव तरंग (तरंगलांबीचा चौथा भाग) जेमतेम पाच मीटरचा असतो. सातव्या मजल्यावरून खाली गेलेली वायर रेडिओच्या दृष्टीने अर्थिंग उरत नाही, तीच दुसरा अँटेना होऊन बसते. तुझ्या अँटेनाला परतीची वाट नाही, म्हणून ती वाट सेटच्या बॉडीतून आणि माइकमधून काढली जाते आहे. ज्या बँडवर बोलतेस त्याच्या पाव तरंगाएवढी वायर सेटच्या अर्थ टर्मिनलला जोड आणि बाल्कनीच्या कडेने सोड. तिच्या मोकळ्या टोकालाही चटका बसतो, तेव्हा ते झाकून ठेव. जमेल तेव्हा डायपोल कर आणि कोॲक्सचे दहा-बारा वेढे मोठ्या फेराइट रिंगमधून घे. प्लगची तिसरी पिन मात्र काढू नकोस. ती जिवासाठी आहे, रेडिओसाठी नाही.

प्रश्न : वीज चमकत असताना लाइटनिंग अरेस्टर पुरेसा आहे का? — एक वाचक, कळवा

उत्तर : नाही. गॅस ट्यूबचा अरेस्टर जवळ पडलेल्या विजेने फीडरवर चढलेला दाब सांभाळतो, थेट पडलेली वीज नाही. मे महिन्यातल्या वळवाआधी आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी सेट वापरून झाला की कोॲक्स काढून खिडकीबाहेर ठेवा, सप्लायचा प्लगही काढा. ढग आधीच गडगडत असतील तर केबलला हात लावू नका.