नाशिकचा फ्लॅट, ऑकलंडचं घर आणि मुलांचा वाटा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पती मृत्युपत्र न करता गेले, दोन मुलं आहेत, धाकटा अजून अल्पवयीन. गंगापूर रोडला फ्लॅट, निफाडला द्राक्षबाग. आता ऑकलंडला नव्या जोडीदारासोबत राहायला जायचंय आणि मुलांचं काही जायला नको.

लग्न करा वा करू नका, न्यूझीलंडमध्ये तीन वर्षं जोडप्यासारखे एकत्र राहिलात की संसाराची मालमत्ता साधारण निम्मी-निम्मी वाटली जाते. लग्नाआधी एकत्र काढलेला काळही त्यात धरतात. नाशिकचा फ्लॅट आणि बाग यांना तो कायदा लागत नाही, कारण देशाबाहेरची स्थावर मालमत्ता त्याच्या कक्षेत येत नाही. ठेवी आणि सोनं वेगळं ठेवलंत तर तुमचं. जोडखात्यात मिसळलंत की कुठला पैसा कोणाचा, हे दाखवणं अवघड.

खरी चूक होते ती फ्लॅट विकून ते पैसे दोघांच्या राहत्या घरात घालताना. राहतं घर कोणाच्या पैशांचं, हे तिथं सहसा बघत नाहीत. सत्तर टक्के तुम्ही घातलेत तरी वाटणी निम्मीच. म्हणून घर घेण्याआधीच, न्यूझीलंडच्या त्याच वाटणीच्या कायद्याच्या (प्रॉपर्टी (रिलेशनशिप्स) अ‍ॅक्ट, १९७६) कलम २१खाली करार करा. तो लेखी हवा, दोघांचे वकील वेगवेगळे हवेत, आणि प्रत्येक वकिलाने परिणाम समजावल्याचा दाखला देऊन सहीला साक्षीदार राहायला हवं. एकाच वकिलाकडे दोघांनी जाऊन पैसे वाचवलेत तर करार टिकत नाही. काही लपवू नका. कमालीचा अन्याय दिसला तर न्यायालय तो बाजूला ठेवू शकतं. घराची नोंदणी हिस्से ठरवून करा. नेहमीच्या संयुक्त मालकीत एक गेला की घर थेट दुसऱ्याचं होतं, मुलांचं नाही.

मृत्युपत्रं दोन करा, एक इथलं, एक तिथलं. तिथल्या मसुद्यात पहिलंच वाक्य बहुधा ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ असं असतं, आणि नाशिकचं मृत्युपत्र नकळत उडतं. ‘फक्त न्यूझीलंडमधील मालमत्तेपुरतं’ असं लिहून घ्या. शिवाय लग्न झालं की तिथलं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, लग्न गृहीत धरून केलेलं नसेल तर. हिंदूंचं इथलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही. दोन्हीकडे दोन साक्षीदार लागतात. लाभार्थी साक्षीदार नको. मृत्युपत्रच नसेल तर तिथल्या मालमत्तेतून जोडीदाराला घरातलं सामान, १,५५,००० डॉलर आणि उरलेल्याचा तिसरा हिस्सा जातो, मुलांना राहिलेलं.

नाशिक सोडण्याआधी मुळात तुमचं किती, ते बघा. पतींच्या स्वतःच्या मालमत्तेत तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई हयात असतील तर त्या, असे चार समान वाटे. म्हणजे त्या फ्लॅटचा चौथाच हिस्सा तुम्हाला मृत्युपत्रात देता येतो. बाग वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा. सातबाऱ्यावर वारसनोंद करून फेरफार मंजूर झाल्याशिवाय विमानात बसू नका. सोसायटीतलं नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. ‘दुसरं लग्न केलंस की हिस्सा जातो’ असं भाऊबंद सांगतील. मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही.

थोरल्याला आताच द्यायचं असेल तर बक्षीसपत्राला राहत्या घरासाठी आणि शेतजमिनीसाठी मुद्रांक २०० रुपये, वर अधिभार आणि नोंदणी शुल्क. पण एकदा दिलं की परत मागता येत नाही. धाकट्याचा वाटा विकायला तुम्ही आई असलात तरी न्यायालयाची परवानगी लागते, त्यामुळे फ्लॅट लवकर विकायचा बेत असेल तर तो वेळ आधीच धरा. भावाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र तुमच्या मृत्यूनंतर चालत नाही. त्याने मृत्युपत्राची जागा भरत नाही.

आणि बाग विकायची घाई नको. अनिवासी झाल्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेली ठेवता येते.