दोर हातात नसेल तर ठेका येणार कुठून?

प्रश्न : आमचा पुण्यात सहा जणांचा ग्रुप आहे, २०२१ मध्ये ते 'वेलरमन' व्हायरल झालं तेव्हापासून आम्ही सी शँटी म्हणजे इंग्रजी खलाशांची गाणी म्हणतोय. गिटार आहे, मेट्रोनोम लावून प्रॅक्टिस करतो, सूरही पक्के आहेत. पण परवा कार्यक्रम झाल्यावर एक काका म्हणाले, छान गाता पण यात काम कुठंय? मग अस्सल म्हणजे काय करायचं, ब्रिटिश उच्चार काढायचे का?

उत्तर : काकांनी बरोबर नस पकडली बघा, शँटी म्हणजे जहाजावर दोर ओढताना, नांगर उचलताना म्हणायचं कामाचं गाणं. उच्चारांचं टेन्शन आधी सोडा, त्या शिडाच्या व्यापारी जहाजांवर आयरिश, अमेरिकन, कॅरिबियन सगळे एका दोरावर असायचे, आणि यातली कितीतरी गाणी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांत जहाजात कापसाच्या गासड्या दाबून बसवणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांच्या तोंडून आलीयत. 'वेलरमन' तर न्यूझीलंडच्या व्हेल मारणाऱ्यांचं गाणं, कुठल्या कामाला बांधलेलं नाही, म्हणून काटेकोर बघितलं तर शँटीच नव्हे.

आता ठेका. शीड वर चढवायचं म्हणजे त्याचा जड आडवा वासा दोराने डोलकाठीवर ओढायचा, तेव्हा शँटीमॅन, म्हणजे गाणं सांगणारा खलाशी, एकटा ओळ म्हणतो, तेवढ्यात बाकीचे हात पुढे सरकवून दोर नवा धरतात, दम घेतात, आणि कोरसमध्ये ठरलेल्या दोन जागी सगळे मिळून हिसका देतात, म्हणजे शँटीमॅनची ओळ ही त्यांची विश्रांती असते आणि तुम्ही मेट्रोनोम लावून नेमकी तीच खाऊन टाकताय! 'हॉल ऑन द बोलाइन' मध्ये तर एकच हिसका, शेवटच्या 'हॉल' म्हणजे 'ओढा' या शब्दावर, तो शब्द लांबवून गोड गायचा नाही, पोटातून फेकायचा. नांगर उचलायचं काम वेगळं, तिथे कॅप्स्टनच्या, म्हणजे नांगराची साखळी ओढणाऱ्या उभ्या रहाटाच्या, दांड्या छातीशी धरून गोल गोल चालायचं असतं त्यामुळे लय सलग लागते, पण नांगर चिखलात रुतला की पावलं जड होतात आणि गाणंही जड होतं.

माझं ऐका, मेट्रोनोम बंद करा आणि खरंच दोर आणा, दुसऱ्या टोकाला वाळूची गोणी बांधा आणि फरशीवर ओढत गा. मी एकदा मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला हात लावला होता, पाय वाळूत रुतत होते आणि मी आपला मनात एक-दोन-तीन मोजत होतो, सगळ्यांच्या आधी ओढलं आणि तळहात सोलून घेतला. मग मोजणं सोडून पुढच्या माणसाची पाठ बघायला लागलो, ती वाकली की आपणही वाकायचं, तेव्हा कुठे जमलं.

छापील स्वरलिपीवर फार विसंबू नका. लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने १९१४ साली इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या वॉचेट गावात जॉन शॉर्ट या म्हाताऱ्या खलाशाकडून ढीगभर शँटी उतरवून घेतल्या, फार मोलाचं काम आहे ते, पण पुस्तक निघालं ते पियानोच्या साथीचं, आणि डेकवर कुठला आलाय पियानो? त्यापेक्षा जेम्स कार्पेंटर या अमेरिकन संग्राहकाने निवृत्त खलाशांची मेणाच्या सिलिंडरवर केलेली रेकॉर्डिंग ऐका, खरखर खूप आहे पण साथ नसलेला, काम केलेला आवाज ऐकायला मिळतो. शिडाच्या जहाजांवर स्वतः काम केलेल्या स्टॅन ह्यूगिल या शँटीमॅनच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज मध्येच तुटून एकदम वर जातो, ती चूक नाही, तीच खरी हरकत.

आणि शेवट बसवू नका. वासा वर पोचला की मेट, म्हणजे जहाजावरचा अधिकारी, 'बिले' (दोर बांधा) ओरडायचा आणि गाणं असेल तिथे थांबायचं, अर्ध्या ओळीतसुद्धा. तुमच्यातल्या एकाला ते काम द्या, कधी ओरडणार ते त्याने कुणाला सांगायचं नाही.