‘मंडळीने’ की ‘मंडळींनी’? आणि ‘सहभागिता’ म्हणजे नेमके काय?

सांगलीच्या एका वाचकांना मिरजेतील सहकाऱ्याच्या घरून छापील निमंत्रण आले. त्यातील वाक्य असे होते : ‘शनिवारी सायंकाळी सात वाजता आमचे घरी प्रार्थना व सहभागीता ठेवली आहे, तरी मंडळीने अगत्य यावे.’ निमंत्रण देणारे कुटुंब ख्रिस्ती आहे. वाचकांच्या दोन शंका आहेत. ‘मंडळींनी’ असे हवे असताना ‘मंडळीने’ छापले, ही चूक नव्हे काय? आणि ‘सहभाग’ हा सुटसुटीत शब्द असताना ‘सहभागिता’ कशाला, शिवाय ती ‘ठेवतात’ कशी?

‘ठेवणे’ चटकन हातावेगळे करू. आपण घरी पूजा ठेवतो, भजन ठेवतो, कीर्तन ठेवतो. घरच्या धार्मिक प्रसंगाला दहा माणसांना बोलावले की मराठीत तो प्रसंग ‘ठेवलेला’ असतो. ख्रिस्ती घरात प्रार्थना ठेवतात ती याच वळणाने.

‘मंडळी’ हा शब्द मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या बोलण्यात तो स्त्रीलिंगी आणि समूहवाचक आहे, पण त्याचे वचन आपण कधी पक्के ठरवलेलेच नाही. ‘पाहुणेमंडळी जेवायला बसली’ या वाक्यातील ‘बसली’ एकवचनी की अनेकवचनी, हे पुढे ‘आहे’ येते की ‘आहेत’ यावरूनच कळते, आणि दोन्ही रूपे कानावर येतात. विभक्तीचा प्रत्यय लागताना मात्र आपण बहुधा अनेकवचनाकडे झुकतो : मंडळींनी, मंडळींना, मंडळींचा. ख्रिस्ती मराठीत हा शब्द निश्चित एकवचनी झाला, कारण मराठी बायबलमध्ये ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘चर्च’ म्हणतात त्या समुदायासाठी, तो योजला गेला आणि मग त्याला स्वतःचे अनेकवचनही घ्यावे लागले. ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात आशियातील सात ‘मंडळ्यांना’ पत्रे आहेत. ‘मंडळ्या’ हे रूप इतर मराठी माणसाच्या तोंडी सहसा सापडायचे नाही. म्हणून ‘मंडळीने ठराव केला’, ‘मंडळीचे पाळक’ (म्हणजे धर्मगुरू), ‘मंडळीचा सभासद’ ही रूपे ‘पंचायतीने’, ‘सभेचा’ यांच्याइतकीच शुद्ध आहेत. ‘मंडळींनी यावे’ म्हणजे जे जे कोणी असतील त्यांनी यावे. ‘मंडळीने यावे’ म्हणजे ज्या एका समूहात यजमान स्वतःही आहे, त्या समूहाने यावे. (जुन्या बोलीत ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको, त्यामुळे एखादे पाळकसाहेब ‘आमची मंडळी फार प्रेमळ आहे’ असे म्हणाले की नवख्याचा घोटाळा होतो, तो निराळा.)

भाषांतरकारांनी हा शब्द निवडला ही मोठी समजुतीची गोष्ट झाली, असे माझे मत आहे. इंग्रजीतून आलेला ‘चर्च’ शब्द मागे नेला तर ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या ग्रीक विशेषणापाशी, म्हणजे प्रभूच्या घरापाशी पोहोचतो. तिथे वास्तू आधी आहे. ‘एक्लेसिया’ ही ग्रीक नगरांतील नागरिकांची सभा होती, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात इफिसच्या नाट्यगृहात गोंधळ घालणाऱ्या जमावालाही हाच शब्द वापरला आहे. तिथे माणसे आधी आहेत, इमारतीचा संबंधच नाही. मराठी ख्रिस्ती लोकांनी हा भेद शब्दांतही राखला. इमारतीला देऊळ, मंदिर, देवालय म्हटले (पुण्यातील पवित्र नाम देवालय अनेकांना माहीत असेल), आणि माणसांना मंडळी म्हटले. कॅथलिकांमध्ये ‘ख्रिस्तसभा’ रूढ आहे. त्यातही सभाच आहे, भिंती नाहीत. आता ‘चर्च’ हा एकच शब्द दोन्ही कामे करू लागला आहे, त्यात मला थोडे नुकसान दिसते.

अर्थात शब्द माणसांचा असला तरी त्याला नोंदवही, सभासदत्व आणि ठराव चिकटले की तोही संस्थेचा होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, साताऱ्यात जो भक्तसमुदाय उभा करायला घेतला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांना हवे होते. त्याला त्यांनी नाव दिले ‘देवाचा दरबार’. दरबारात कोणीही दाद मागायला उभा राहू शकतो. तिथे सभासदांची यादी लागत नाही. शब्दाची इतकी पारख असलेल्या कवीने ‘मंडळी’ बाजूला ठेवून ‘दरबार’ घेतला, हे मला सहज घडलेले वाटत नाही.

आता ‘सहभागिता’. हा शब्द ‘सहभागा’चा लांबवलेला अवतार नव्हे. शर्यतीत, चर्चेत, मोर्चात आपण सहभाग घेतो आणि कार्यक्रम संपला की तो संपतो. सहभागिता कोणी ‘घेत’ नाही. ती असते, राहते, तुटते, लाभते. उपासनेच्या शेवटी पाळक जो आशीर्वाद देतात त्यात ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती ‘आणि पवित्र आत्म्याची सहभागिता’ असे शब्द येतात. तिथे ‘सहभाग’ घालून पाहावा, वाक्य लगेच पाहुण्यांच्या यादीसारखे वाटू लागते. मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’. त्याच धातूचा शब्द लूकच्या शुभवर्तमानात मासेमारीच्या धंद्यातील भागीदारांसाठी आला आहे, आणि रोमकरांस पत्रात ‘कोइनोनिया’ यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेल्या पैशांना म्हटले आहे. म्हणजे त्या शब्दाला व्यवहाराचा वास आहे, जसा सांगलीच्या हळदीच्या पेढीवरील ‘भागीदारी’ला आहे. ‘भागीदारी’त मात्र नफ्याचा हिशेब आधी डोळ्यांपुढे येतो, म्हणून तो शब्द चालला नसता. माझ्या कानाला त्याहून जवळचा शब्द आपल्याच शेतावर सापडतो : सावड. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू; मजुरी कोणी देत नाही, पण कोणी फुकटही राबत नाही.

हे मला कोशात बघून सुचलेले नाही. मागच्या पावसाळ्यात मिरजेच्या एका स्नेह्यांकडे अशाच ‘प्रार्थना व सहभागिते’ला बसण्याचा योग आला. दारात ओल्या छत्र्या, आत सतरंजी, एक गीत, एक उतारा, मग प्रार्थना. चहाचे कप फिरू लागले तेव्हा मला वाटले की कार्यक्रम संपला. पण घरच्या वहिनींनी वही काढली आणि विचारले, ‘दवाखान्यात काकूंचा उद्याचा डबा कोणाकडं?’ एकीने उद्याचा घेतला, दुसरीने परवाचा; एका तरुणाने रात्री सोबतीला थांबण्याचे कबूल केले; कोणाच्या तरी मुलाच्या फीचा विषय हलक्या आवाजात निघाला आणि तिथेच मिटला. मी शेजारच्या गृहस्थांना विचारले, ‘सहभागिता कधी सुरू होणार?’ ते म्हणाले, ‘हीच की.’

तेव्हा वाचकांच्या दोन्ही शंकांना उत्तर असे की ‘मंडळीने’ बरोबर आहे आणि ‘सहभागिता’ही बरोबर आहे. निमंत्रणात चूक आहे ती निराळ्याच ठिकाणी : त्यात ‘सहभागीता’ असे दीर्घ ‘गी’ने छापले आहे. ‘उपयोगी’पासून ‘उपयोगिता’ होते, तसे ‘सहभागी’पासून ‘सहभागिता’. ‘ता’ लागताना मूळच्या इन्नन्त, म्हणजे संस्कृतात ‘इन्’ने संपणाऱ्या, शब्दाची शेवटची ‘ई’ ह्रस्व होते. पुढच्या वेळी पत्रिका छापण्याआधी एवढे सहकाऱ्यांच्या कानावर घालावे.