पावसाळ्यात जलरंगात फॅन आर्ट (आवडत्या पात्राचं चाहत्याने काढलेलं चित्र) रंगवताना ड्रॅगनचे रंग एकमेकांत पसरतात. ठाण्यात राहतो. काय करावं?

दोष तुमच्या हाताचा नाही, दमट हवेचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात वरून कोरडा दिसणारा रंगाचा थर आतून ओलाच असतो, आणि त्यावर खवले काढले की त्यांच्या कडा फुटून रंग पसरतो. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा. गार लागला तर थांबा. हेअर ड्रायर चालेल, पण पाण्याची चकाकी गेल्यावरच आणि लांबून; नाहीतर वाऱ्याने रंग ढकलला जातो.

कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटनचा घ्या. महाग आहे, तरी इथे काटकसर नको. उरलेले ताव सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद पिशवीत ठेवा. ओल धरलेला कागद रंग शोषून घेतो आणि डाग पडतात, ते निघत नाहीत. ड्रॅगनची झळाळी हवी असेल तर उजळ जागा आधीच मास्किंग फ्लुइडने (रंग लागू न देणारा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) झाका, मात्र ते कागदावर फार दिवस ठेवू नका.

फोटो खिडकीपाशी, थेट ऊन टाळून काढा. ऑनलाइन टाकताना पात्राच्या मूळ निर्मात्याचं नाव जरूर लिहा. प्रिंट विकायच्या असतील तर परवानगी घ्या, कारण १९५७च्या कॉपीराइट कायद्याने रूपांतराचा, म्हणजे मूळ कलाकृतीवरून नवी कलाकृती करण्याचा, हक्क मूळ हक्कधारकाला दिला आहे. नुसतं श्रेय देऊन तो आपल्याला मिळत नाही.